बाप्तिस्म्याच्या फॉर्मसाठी दहा दिवस

शनिवार, १२ एप्रिल २०२५

वसईहून ठाण्याला रेल्वेनं जाता येतं, पण दिव्याकडून वळसा घालून, आणि गाड्या मोजक्याच. म्हणून बस धरली. गायमुखच्या चढावर बस जी थांबली ती थांबलीच. ही म्हणाली, "उपवासकाळाचं राहिलेलं प्रायश्चित्त आजच उरकून घ्या." हनुमान जयंती होती. घोडबंदर रोडला एका नाक्यावर पोरांनी बसच्या खिडकीतून सुंठवडा आत दिला. तिखट, गोड, झणझणीत. हिनं दोनदा हात पुढे केला.

प्रवासाचं कारण चार महिन्यांचं आहे आणि नेरुळला राहतं. आमच्या लेकीनं ठाण्याच्या नौपाड्यातल्या मुलाशी लग्न केलं. मुलगा हिंदू. लग्न वसईत आमच्याच धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) लागलं, बिशपांची रीतसर सूट घेऊन. नातीचं बारसंही झालं, आत्यानं कानात नाव सांगितलं, पाठीत धपाटे बसले, सगळं यथासांग. आता बाप्तिस्मा राहिलाय. तो नेरुळलाच व्हावा असं लेकीचं म्हणणं. त्यावर वसईच्या आमच्या गल्लीत मला निदान दहा जणांनी एकच प्रश्न विचारला: तिकडचे फादर कसे आहेत, जुन्या वळणाचे की मोकळे?

मुंबईचा महाधर्मप्रांत म्हणजे मुंबई, ठाणे, रायगड. आमची वसई १९९८ पर्यंत त्यातच होती, मग वेगळा धर्मप्रांत झाला. एकाच घरातून वाटणी घेऊन बाहेर पडलेल्या धाकट्या भावाला थोरल्या घरात काय चाललंय याची जशी उत्सुकता असते, तशी आम्हाला मुंबईवाल्यांची असते. आमच्याकडे सगळं मराठीत चालतं. तिकडे इंग्रजी, कोकणी, मराठी, तामिळ, ज्याला जी वेळ जमेल ती. म्हटलं, ईस्टरआधीचा पवित्र आठवडा तिकडेच काढू आणि बघू.

पहिला मुक्काम ठाण्यात मावशीकडे. वय ८४. वसईची लेक, ठाण्याच्या ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या कॅथलिक) घरात दिलेली. दार उघडून तिनं आधी हिच्या हातातली पिशवी बघितली. "सुकेळी आणली का गं?" आणली होती.

रविवार, १३ एप्रिल

झावळ्यांचा रविवार. मावशीचा हात धरून तलावपाळीला गेलो. मासुंदा तलावाच्या काठावर सेंट जॉन द बाप्टिस्टचं चर्च, पोर्तुगीज काळापासूनचं. थोडं पुढे गेलं की कौपिनेश्वर. सकाळी दोन्हीकडे फुलवाल्यांची गर्दी, आणि हातात झावळी घेतलेल्या माणसाला रिक्षावाला न विचारता बरोबर दारात आणून सोडतो.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुरू व्हायच्या आधी मी मावशीच्या नातवाला शोधत होतो. वय २४, घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहतो, कॉम्प्युटरमध्ये नोकरी. तो सापडला पुढच्या बाकावर, गुडघ्यांवर. ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या वेळी सगळी रांग हात पुढे करून चालली होती, हा एकटा जमिनीवर गुडघे टेकून जिभेवर घेत होता. मागच्या बाईंनी सुस्कारा टाकला. फादरांनी काही न बोलता दिला, आणि द्यावाच लागतो. २००४ मध्ये रोमनं लिहूनच दिलंय, गुडघे टेकले म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही.

मावशीनं मात्र हातावर घेतला. बाहेर आल्यावर मी तिला छेडलं, "मावशी, तू नवी आणि नातू जुना?"

"कोरोनात सवय लागली रे," ती म्हणाली. "आणि हातावर घेतला की नीट बघायला तरी मिळतो."

नातवाला हे आवडलं नाही. चहा पिता पिता त्यानं त्याची यादी सांगितली. गिटार नको. टाळ्या नकोत. वेदीवर आरती नको, ते हिंदूकरण. फादरांनी लोकांकडे नाही, वेदीकडे तोंड करून मिस्सा करावी. आणि लातीन हवं. लातीन त्याला येत नाही, पण फोनवर रोज ऐकतो. बेनेडिक्ट पोपनी २००७ मध्ये जुन्या लातीन मिस्सेला मोकळीक दिली आणि फ्रान्सिस पोपनी २०२१ मध्ये ती काढून घेतली, याचा त्याला राग आहे. म्हणजे त्याला कळू लागलं तेव्हा दार उघडं होतं, आणि आत जायची वेळ आली तेव्हा लावलं गेलं. राग मला समजतो.

मावशीला नाही समजला. ती लातीनमध्येच वाढली. "दोमिनुस वोबिस्कुम," तिनं एकदम म्हणून दाखवलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "एत कुम स्पिरितु तुओ. याचा अर्थ मला लग्नानंतर कळला. फादर पाठ करून काय म्हणायचे ते त्यांचं त्यांना. आम्ही बायका तोवर जपमाळ उरकायचो. आणि रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही. मे महिन्यात! चक्कर येऊन किती पोरी पडायच्या."

"पाण्याचा तो नियम १९५३ मध्येच सुटला, आजी," नातू म्हणाला. त्याला तारखा पाठ असतात.

"तुझ्या रोममध्ये सुटला असेल. माझ्या आईला कुणी सांगितलं नव्हतं."

आरतीचं मात्र मला बोलावंच लागलं, कारण वसईत ती आम्हाला घरची वाटते. १९६९ मध्ये भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमची मंजुरी आली: हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी समई, आरती, मांडी घालून बसणं. म्हणजे आरती रोमनं मान्य करून ५६ वर्षं झाली. नातू २४ वर्षांचा. दोघांत परंपरा कोण? हे मी मोठ्यानं विचारलं नाही. चहा त्याच्या पैशाचा होता.

दुपारी तलावाला एक फेरी मारली. ठाण्यात आलो की मला १३२१ आठवतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्सिस्कन संघाचे चार ख्रिस्ती संन्यासी इथे मारले गेले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. त्यांची तिथी ९ एप्रिल, म्हणजे नुकतीच होऊन गेलेली. गोष्ट सुरू होते ती मात्र धर्मावरून नाही, घरगुती भांडणावरून. ज्या घरात ते उतरले होते तिथल्या नवऱ्यानं बायकोला मारलं. ती काजीकडे गेली. साक्षीदार म्हणून या पाहुण्यांना बोलावलं, आणि तिथे प्रश्न भलतीकडे वळला. त्यांचा सोबती जॉर्डनस तेव्हा बाहेरगावी होता. त्यानं येऊन मृतदेह आमच्या सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ओडोरिक नावाच्या प्रवाशानं त्या अस्थी थेट चीनला नेल्या. थॉमसला १८९४ मध्ये तेराव्या लिओ पोपनी धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून जाहीर केलं.

मला त्यात अडतं ते एका तपशिलावर. ते घर कुणाचं होतं? नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबाचं. ओडोरिकनं ठाण्यात अशी पंधरा घरं असल्याचं लिहून ठेवलंय. नेस्तोरियन म्हणजे सिरियाक परंपरेचे, पूर्वेकडचे ख्रिस्ती. पोर्तुगीज यायच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षं आधी ठाण्यात लातीनवाले पाहुणे होते आणि यजमान सिरियाकवाले. नातवाला सांगितलं तर तो म्हणाला, "पण ते पाखंडी मानले जायचे." मावशी म्हणाली, "जेवायला त्यांनीच घातलं ना?"

संध्याकाळी ट्रान्स-हार्बरनं नेरुळ.

सोमवार ते बुधवार, १४ ते १६ एप्रिल

सोमवारी आंबेडकर जयंती. ठाणे-बेलापूर रोडला निळे झेंडे, जावई ट्रॅफिकमध्ये अडकून दुपारी उगवले. नातीनं मला ओळखलं असा माझा दावा आहे. ही म्हणते तिला गॅस झाला होता.

मंगळवारी फादरांना भेटलो. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आमच्या गल्लीतल्या दहा जणांनाही ती सांगावी लागणार आहे. चर्च आपण निवडत नाही. धर्मग्राम हद्दीनं ठरतो, ग्रामपंचायतीच्या वॉर्डासारखा. बिल्डिंग ज्या हद्दीत, ते चर्च तुमचं. गाडी काढून दुसरीकडे मिस्सेला जाता येतं, लोक जातातही. पण बाप्तिस्मा, लग्न, मयत यांची वही हद्दीतल्या चर्चमध्ये. तेव्हा "कुठले फादर मोकळे" ही चौकशी अर्धी वाया जाते.

फादर पस्तिशीचे. टी-शर्ट, कोपऱ्यात गिटार, भिंतीवर तरुणांच्या शिबिराचे फोटो. हिनं माझ्याकडे बघितलं: मोकळे! त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, जावयांशी क्रिकेटवर बोलले. मग फॉर्म काढला. आई कॅथलिक, वडील हिंदू, ठीक. मूल श्रद्धेत वाढवण्याचं वचन लेकीनं लग्नाच्या वेळीच दिलेलं आहे. जावयांकडून वचन घेतलं जात नाही, त्यांना फक्त त्याची कल्पना दिली जाते. (पूर्वी त्यांच्याकडूनही लिहून घ्यायचे. १९७० पासून ते बंद.) मग रकाना आला गॉडमदरचा. लेकीनं आत्याचं नाव सांगितलं.

"बाप्तिस्मा झालेली आहे?"

"नाही."

"मग नाही जमणार." आवाजात कडवटपणा नव्हता, पण वाटाघाटही नव्हती. कॅथलिक हवी, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) झालेली हवी, सोळा वर्षांची हवी. चर्चच्या कायद्यातल्या कलमाचा आकडाही त्यांनी सांगितला.

बाहेर आल्यावर ही फणफणली. "गिटार कशाला वाजवतात मग?"

लेक गप्प होती. कारण आत्या, म्हणजे जावयांची थोरली बहीण, हिनं तिला बाळंतपणात स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. आमच्या हिला तेव्हा मलेरिया झाला होता.

बुधवारी लेकीच्या शेजारणीनं आम्हाला त्यांच्या चर्चला नेलं. शेजारीण मल्याळी, केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांपैकी, नर्स, नाइट ड्युटी करून आलेली, तरी उत्साह दांडगा. त्या लोकांचा धर्मप्रांत वेगळा, कल्याणचा. १९८८ मध्ये स्थापन झाला. लातीन, म्हणजे आमच्या परंपरेचं, चर्च तिच्या बिल्डिंगच्या समोर असलं तरी ती त्या हद्दीत धरली जात नाही. तिची हद्द रक्तातून येते, वडिलांच्या उपासना-परंपरेवरून. एकाच लिफ्टमधून उतरणारे दोन कॅथलिक दोन वेगवेगळ्या बिशपांचे. आम्हा वसईकरांना हे विचित्र वाटत नाही. १९२८ पर्यंत आमच्याकडेही पोर्तुगालचा पाद्रोआदो आणि रोमची प्रोपागांडा अशी दुहेरी सत्ता होतीच, आणि भांडणं आत्ताच्या मानानं फारच रसाळ.

त्यांच्या मिस्सेला कुर्बाना म्हणतात. वेदीपुढे पडदा. क्रुसावर येशूची मूर्ती नाही, मार थोमाचा (संत थॉमसचा) नुसता फुलत्या टोकांचा क्रूस. पहिला भाग फादर लोकांकडे तोंड करून म्हणतात, आणि अर्पणाच्या भागाला वळून वेदीकडे. २०२१ मध्ये त्यांच्या सिनॉडनं, म्हणजे बिशपांच्या सभेनं, हे असं अर्धं-अर्धं सगळ्यांसाठी ठरवलं, तेव्हा तिकडे एर्नाकुलममध्ये रस्त्यावर भांडणं झाली, पुतळे जाळले गेले. मध्येच सगळे "बारेकमोर" म्हणाले. "सिरियाक," शेजारीण कुजबुजली, "आशीर्वाद द्या, प्रभू." भाषा बाकी सगळी मल्याळम, १९६२ पासून. म्हणजे आम्हाला मराठी मिळायच्या आधीच त्यांना त्यांची भाषा मिळाली.

मला वाटलं, हे जुन्या वळणाचे. मग मिस्सेनंतर शेजारणीचा नवरा घाईनं निघाला. पळ्ळियोगम होता. म्हणजे कुटुंबांच्या प्रतिनिधींची सभा. चर्चचा जमाखर्च, दुरुस्ती, कैक्कारन म्हणजे विश्वस्त कोण, हे तिथे ठरतं, आणि आवाज चढवून ठरतं. आमच्याकडे पॅरिश कौन्सिल असते, पण कायद्यानं ती सल्ला देते, ठरवतात फादर. वेदीपाशी पडदा लावणारे हिशेबाच्या वहीवरचा पडदा बाजूला करतात, आणि आम्ही उलट. वीस वर्षं मी आमच्या कौन्सिलवर होतो. छताच्या पत्र्यांबद्दल दिलेल्या माझ्या सल्ल्याचं काय झालं ते इथे लिहीत नाही.

गुरुवार, १७ एप्रिल

आजचा दिवस लांबला.

संध्याकाळी लेकीच्या चर्चमध्ये शेवटच्या भोजनाची मिस्सा. गिटारवाल्या फादरांनी बारा जणांचे पाय धुतले: सहा पुरुष, सहा बायका. त्यात एक झाडूकाम करणारी ताई होती, एक नववीतली मुलगी. पाय पुसताना फादरांनी तिच्या पैंजणाला टॉवेल अडकू नये म्हणून जी काळजी घेतली, ती बघून हिचा मंगळवारचा राग अर्धा उतरला. बायकांचे पाय धुणं आता सगळीकडे रुळलंय असं वाटतं, पण नियमात ते बसलं २०१६ मध्ये. त्याआधी पुस्तकात "पुरुष" असाच शब्द होता. फ्रान्सिस पोपनी स्वतः २०१३ मध्ये तुरुंगातल्या दोन मुलींचे पाय धुतले, नियम तीन वर्षांनी मागून आला.

शेजारणीच्या चर्चमध्ये आज फक्त पुरुष. त्यांच्या मुख्य आर्चबिशपनी २०१७ मध्ये कळवलं होतं की ही पौर्वात्य चर्चची रीत आहे, तीच चालू राहील. मी तिला विचारलं, तुला राग नाही येत? तिनं खांदे उडवले. "अंकल, मी दिवसभर लोकांचे पाय धुते. एक दिवस नवऱ्याचे कुणीतरी धुतले, चांगलंच आहे."

रात्री नऊला त्यांच्याकडे पेसहा, म्हणजे शेवटच्या भोजनाची घरातली आठवण. हे मी पहिल्यांदाच बघितलं. तांदूळ आणि उडदाची बिनआंबवलेली भाकरी म्हणा, पोळा म्हणा, वाफवलेला. त्यावर रविवारच्या झावळीचा छोटा क्रूस. सोबत नारळाचं दूध आणि गूळ घालून केलेलं पाल. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं, शेजारणीच्या सासऱ्यांनी, प्रार्थना म्हणून तुकडे केले आणि वयाच्या क्रमानं दिले. त्या वर्षी घरात मयत झालं असेल तर हे करत नाहीत, शेजारी आणून देतात. जावयांनाही तुकडा मिळाला. चर्चमध्ये त्यांना ख्रिस्तप्रसाद मिळत नाही, रांगेत बसून राहावं लागतं, त्याची त्यांना सवय आहे. इथे म्हाताऱ्या सासऱ्यांनी विचारलंच नाही. नुसता हात पुढे केला.

मग सात चर्चची फेरी. पवित्र गुरुवारी रात्री सात चर्चमध्ये जाऊन थोडी थोडी आराधना करायची, ही मुंबईकडची रीत. जावयांनी गाडी काढली, नात मागच्या सीटवर झोपलेली. ठाणे-बेलापूर रोड रिकामा. एका चर्चबाहेर तरुणांची टोळी सेल्फी काढत होती, दुसऱ्यात इतकी शांतता की माझ्या चपलेचा आवाज मलाच ओशाळवाणा वाटला. तिसऱ्यात तामिळ बायका जमिनीवर बसून रडवेल्या सुरात गात होत्या. काही कळलं नाही आणि तिथेच सर्वांत जास्त वेळ बसलो.

वाटेत जावयांनी विचारलं, "बाबा, पोप हिंदू माणसाचे पाय धुतात का?"

धुतलेत म्हटलं. २०१६ मध्येच, रोमजवळच्या निर्वासितांच्या केंद्रात. मुसलमान होते, कॉप्टिक बायका होत्या, आणि एक हिंदू होता.

"आणि तो नियमात बसतो?"

"नाही," मी म्हटलं. त्याच वर्षीच्या नव्या नियमातसुद्धा श्रद्धावंतांमधून निवडावेत असंच आहे.

जावई हसले. नौपाड्याचा माणूस, पुढे काही बोलले नाहीत.

पाचवं चर्च ठाण्यात. रात्रीचे साडेअकरा. दारात म्हातारे फादर उभे, पायघोळ पांढरा झगा, गळ्यापर्यंत बटणं. माझ्या मनात आलं, हे नातवाचे फादर. नात जागी झाली आणि भोकाड पसरलं, म्हणून लेक बाहेर आली. फादरांनी बाळाच्या कपाळावर क्रूस काढला, बाप्तिस्मा कधी विचारलं. लेकीनं तिथेच, पायऱ्यांवर, आत्याची सगळी गोष्ट सांगून टाकली. आम्हाला सांगितली नव्हती इतकी.

फादरांनी ऐकून घेतलं. "गॉडमदर नाही होता येणार," ते म्हणाले. "पण दोन गॉडपेरेंट लागतातच असं कुठे आहे? एक पुरे. तुझा भाऊ असेल ना? त्याचं नाव घाल. दुसरा रकाना मोकळा सोड. आणि बाळाला घेऊन वेदीपर्यंत आत्यानं यावं. तिला कोण अडवणार आहे?"

"चालतं?"

"चालत नाही असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय, ते सांग."

सात पुरी झाली नाहीत. पाचावरच परतलो.

शुक्रवार, १८ एप्रिल

सकाळी शेजारीण एका छोट्या वाटीत कारल्याचा रस घेऊन आली. क्रुसावर येशूला आंब दिली होती, त्याची आठवण. हिनं एका घोटात घेतला. मी साठीच्या पुढचा, मला आज उपवासातूनही सूट आहे, असं सांगून बघितलं. चाललं नाही.

क्रुसाची वाट रस्त्यावरून होती. सेक्टरच्या कडेनं चौदा स्थानं, उन्हात. ट्रॅफिक पोलिसानं दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवून धरली आणि एका स्थानाला स्वतःही टोपी काढली. दुपारच्या विधीत क्रुसाचं चुंबन घ्यायला मोठी रांग होती. काहींनी ओठ टेकले, काहींनी कोरोनापासून सुरू झालेला नुसता वाकून नमस्कार.

ठाण्याहून नातवाचा फोन. त्याच्याकडे आज गिटार नव्हती, ऑर्गनही नाही, नुसते आवाज. खूश होता. मी त्याला विचारलं, तुला जी जुनी मिस्सा हवी, ती कुठल्या सालची? आजच्या दिवशीच्या प्रार्थनेत ज्यूंना जे विशेषण लावायचे, ते तेविसाव्या जॉननी १९५९ मध्ये गाळलं. त्याच्या आधीची हवी की नंतरची?

"नंतरची," तो म्हणाला. थोडं थांबून, "अर्थातच."

शनिवार, १९ एप्रिल

सगळे ठाण्याला, मावशीकडे. दुपारभर ती फुग्यांचं (तळलेल्या गोल पावांचं) पीठ मळत बसली, कुणाला हात लावू दिला नाही. इंद्यालाचा, म्हणजे मांसाच्या तिखट रश्श्याचा, वास जिन्यापर्यंत. जावयांना स्वयंपाकघरात बसवून तिनं बॉटल मसाल्यात काय काय पडतं ते सांगितलं, दोन जिन्नस मुद्दाम गाळून. सुनेलाही अजून पुरतं सांगितलेलं नाही.

रात्री पुनरुत्थानाचा जागर. बाहेर अंगणात नवा अग्नी, त्यावर पास्काची मेणबत्ती पेटवली, अंधारात एकेक वात लागत गेली. माझ्या मते वर्षभरातला हा सर्वांत सुंदर विधी. नातू म्हणाला, "हे बघा, हे खरं प्राचीन."

मावशीनं पदर डोक्यावर सारखा केला. "आमच्या लहानपणी हे सकाळी व्हायचं."

"काय?"

"हेच. शनिवारी सकाळी. ऊन पडलेलं असायचं, आणि फादर म्हणायचे, ही ती रात्र! आम्ही पोरं हसायचो. घंटा वाजल्या की घरी जाऊन गोड खायचं. रात्रीचं मी चौदा-पंधरा वर्षांची असताना सुरू झालं."

नातू फोन काढायला लागला, मग राहू दिला. त्याला तारीख माहीत असणारच. बाराव्या पायसनी १९५५ मध्ये पवित्र आठवडा नव्यानं लावला, १९५६ पासून जागर रात्री गेला. शेकडो वर्षं सकाळी होत होता, त्याआधीची कित्येक शतकं रात्री. जुनं परत आणलं म्हणा किंवा नवं केलं म्हणा. मावशीच्या लेखी ती "नवीन पद्धत" आहे आणि तिला ती आवडते, कारण सकाळी स्वयंपाक राहतो.

तीन मोठ्या माणसांचे बाप्तिस्मे झाले. पाणी ओतताना नात डोळे टक्क उघडे ठेवून बघत होती. हे मात्र हिनंही पाहिलं, गॅस नव्हता.

रविवार, २० एप्रिल

ईस्टर. यंदा आमचा आणि पूर्व युरोपातल्या ऑर्थोडॉक्स लोकांचा ईस्टर एकाच तारखेला आला.  नौपाड्याहून व्याही, विहीणबाई आणि आत्या जेवायला आले, पुरणपोळ्या घेऊन. मावशीनं एक पुरणपोळी इंद्यालाच्या रश्श्याशी खाल्ली. त्यावर दोन्ही घरांनी काही न बोलायचं ठरवलं.

लेकीनं आत्याला सांगितलं, रकान्याचं, आणि वेदीपर्यंत चालत जायचंही. आत्या ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "साडी कुठल्या रंगाची नेसायची असते?"

सोमवार, २१ एप्रिल

निघायचं होतं, पण मावशीला बँकेत न्यायचं राहिलं होतं, म्हणून दुपार झाली. सव्वा एक-दीडच्या सुमाराला नातवाचा फोन आला. आवाज वेगळा. पोप गेले. काल ईस्टरला चौकात गाडीतून फिरले होते, आम्ही टीव्हीवर बघितलं होतं. आज सकाळी रोमच्या वेळेनं साडेसात वाजून गेल्यावर गेले.

नातू लगेच आला, ऑफिस सोडून. ज्या माणसानं त्याची लातीन मिस्सा बंद केली, त्याच्यासाठी तो मावशीच्या देवघरासमोर गुडघे टेकून बसला आणि लातीनमध्येच काहीतरी पुटपुटत राहिला. मावशी खुर्चीत बसून मराठीत जपमाळ म्हणत होती. दोघांचा वेग जुळत नव्हता, कुणी थांबलं नाही. नंतर तो कॉन्क्लेव्हची, म्हणजे नवा पोप निवडणाऱ्या कार्डिनलांच्या सभेची, गणितं मांडायला लागला. आपले कार्डिनल ग्रेशियस डिसेंबरात ऐंशीचे झाले, मत देता येणार नाही. मी त्याला आठवण करून दिली, याच कार्डिनलांनी २०१३ मध्ये कलम ३७७ पुन्हा लागू झालं तेव्हा समलिंगी लोकांना गुन्हेगार ठरवायला उघड विरोध केला होता, आणि तेव्हा तुझ्यासारख्यांनी नावं ठेवली होती. "मी तेव्हा सातवीत होतो," तो म्हणाला.

नेरुळहून जावयांचाही फोन आला. "बाबा, हे तेच ना? ते पाय धुणारे?"

"तेच."

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग म्हणाले, फॉर्म द्यायला ते सकाळीच ऑफिसला जाता जाता चर्चमध्ये थांबले होते. फादरांनी बघितला, रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं, जावयांकडे बघितलं, आणि शिक्का मारला. जून महिन्यातला दुसरा रविवार.

बस गायमुखला पुन्हा अडकली.